आधी गोळी, मग चहा

डॉक्टर खतीब कुठल्याही खोलीत शिरले की आधी खिडकी उघडायचे, मग माणसांकडे बघायचे. खिडकी कुणाची आहे, तिच्यापुढे काय ठेवलंय, आत बसलेल्यांना ती उघडलेली चालेल का, असले विचार त्यांच्या मनाला शिवत नसत. आमच्या ऑफिसात आले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या टेबलामागची खिडकी सताड उघडली आणि माझे सकाळपासून लावून ठेवलेले कागद जमिनीभर झाले.

"डॉक्टर, एसी चालू आहे," मी म्हटलं.

"म्हणून तर उघडली, बाय," ते म्हणाले आणि खाली बसून कागद गोळा करायला लागले. पन्नाशी ओलांडलेला माणूस, गुडघे कुरकुरणारे, पांढऱ्या बुशशर्टाच्या खिशात स्टेथोस्कोप कोंबलेला. मला राग आला होता, पण असा माणूस आपल्या पायाशी बसून कागद वेचत असताना रागावणार तरी कसं? शेवटी मीच खुर्चीवरून उठून खाली बसले.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. न्हावा शेवाचं बंदर जोरात आलं होतं आणि उरणच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी कंटेनरची यार्डं उभी राहत होती. त्यातल्या एका यार्डात मी पर्सोनेल खात्यात होते. बंदरातून कंटेनर यायचे, आमच्याकडे उघडायचे, माल हमालांच्या पाठीवरून ट्रकमध्ये जायचा. खताच्या गोणी, सोड्याच्या गोणी, कधी चामडी, कधी रद्दी. एवढी धूळ मी साताऱ्यात उन्हाळ्यातही पाहिली नव्हती. कंपनीची बस नेरुळहून आम्हाला आणायची आणि संध्याकाळी परत सोडायची, तेव्हा माझ्या साडीचा मूळ रंग कुठला हे मलाही सांगता आलं नसतं. थकवा हा त्या नोकरीचा भागच होता, पगाराबरोबर तोही मिळायचा.

डॉक्टर उरणचे. तिथल्या मोहल्ल्यात त्यांचं जुनं घर आणि खाली संध्याकाळचा दवाखाना. आमच्याकडे ते एक दिवसाआड सकाळी यायचे, आपल्या खडखडणाऱ्या स्कूटरवरून. कंपनीच्या पटावर ते नव्हते. भेटीला येणारे डॉक्टर, दर महिन्याला व्हाउचरवर सही करून मानधन घेणारे. बोलणं त्यांचं तिकडचंच, 'हाय' आणि 'नाय'चं, साहेबांसमोर मात्र एकदम पुस्तकी व्हायचं. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. तो डबा उघडला की अख्ख्या ऑफिसला कळायचं, आणि मग मी स्वतःहून खिडकी उघडायची.

त्यांचे दोन शब्द ठरलेले होते: "बरं, पुढं." रांगेतला एक माणूस तपासून झाला की "बरं, पुढं." साहेबांनी एखादी मागणी फेटाळली की "बरं, पुढं." रागावून नाही, कुरकुरूनही नाही. लांबचा रस्ता चालणारा माणूस जरा टेकून पुन्हा उठतो, तसं काहीसं. पहिल्यांदा मला वाटलं, या माणसाला कशाचं काही नाही. तसं नव्हतं हे कळायला मला वेळ लागला.

पेशंटला विचारायचा त्यांचा पहिला प्रश्नही ठरलेला. काय होतंय, कधीपासून होतंय, हे नंतर. आधी, "रात्री कुठं झोपतोस? किती जण झोपता? दार उघडं असतं का?" हमाल बिचकायचे. यार्डातून कधी मालाची चोरी झाली की पोलीस असेच प्रश्न विचारायचे. त्यामुळे बरेच दिवस लोकांची समजूत होती की हा डॉक्टर नसून कंपनीने नेमलेला खबऱ्या आहे.

तसंही दवाखान्यात कुणी येत नसे. येणार कसे? गेटजवळच्या फळ्यावर नियमच लावलेला होता: संसर्गजन्य रोग आढळल्यास कामगारास कामावर ठेवले जाणार नाही. वर्षातून एकदा छातीचे फोटो काढणारी गाडी यायची. ज्याच्या फोटोत डाग दिसे त्याला ठेकेदार दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवी आणि त्याच्या जागी दुसरा उभा करी. रोग हटवायची आमची पद्धत म्हणजे माणूस हटवायचा. म्हणून गाडी येणार म्हटलं की खोकणारी माणसं त्या दिवशी हमखास गावाला जात. आणि एरवी कुणालाही विचारलं, का रे खोकतोस, तर उत्तर एकच: "धूळ." सगळं यार्ड धुळीने खोकत होतं.

डॉक्टरांचा दवाखाना म्हणजे एक जुना कंटेनर, दार लावलं की आत काळोख. त्यांनी दुसऱ्या आठवड्यात यार्डाच्या वेल्डरला बोलावलं आणि गॅस कटरने दोन्ही बाजूंना खिडक्या पाडून घेतल्या. परवानगी नंतर मागितली. वेल्डर मोकळा झालाच होता, तर त्याला घेऊन ते यार्डाच्या मागच्या कुंपणाकडे गेले. तिथे भंगारात काढलेल्या कंटेनरांमध्ये लांबून आलेले हमाल राहायचे, एकेकात आठ-दहा जण. रात्री डासांमुळे दारं लावून घ्यायचे. दुपारी जवळच्या गावचे हमालही उन्हाला कंटाळून तिथेच सावलीला पडायचे. डॉक्टर एका कंटेनरच्या दारात उभे राहिले, आत वाकून वास घेतला. मग वेल्डरला म्हणाले, "याला पण पाड. सगळ्यांना पाड."

यावरून यार्डाचे मॅनेजर रेगेसाहेब यांनी त्यांना बोलावून घेतलं. रेगेसाहेब वाईट नव्हते, पण त्यांना दुपारपर्यंत किती गाड्या बाहेर पडल्या यापलीकडे काही दिसत नसे. कंपनीच्या मालमत्तेला भोकं पाडली म्हणून ते बरंच बोलले. डॉक्टर ऐकत होते. ऐकता ऐकता उठले आणि साहेबांच्या केबिनची खिडकी उघडायला गेले. ती उघडेना, कारण एसी बसवताना कायमची बंद केली होती. डॉक्टरांनी तिच्या कडेवरून बोट फिरवलं आणि परत येऊन बसले.

"बरं, पुढं," म्हणाले.

हिराजी घरत हा जवळच्याच गावातला हमाल. चाळिशीचा, दणकट, गोण्यांच्या थप्पीवर उभा राहून गाणं म्हणायची सवय असलेला. ते गाणं बंद झालं हे आधी शेवंताच्या ध्यानात आलं. गेटबाहेर तिची चहाची टपरी होती, चार बांबू आणि वर ताडपत्री. तिने डॉक्टरांना सांगितलं, "हिरादादा गाना बोलत नाय आताशी. नि चा पिताना पाठ फिरवून बसतंय."

डॉक्टरांनी हिराजीला बोलावलं नाही. बोलावलं असतं तर तो आला नसता. ते जाऊन टपरीवर त्याच्या शेजारी बसले.

"किती दिस झाले खोकतोस?"

"मना काय झाला नाय, डाक्टर. धूल हाय नुसती."

"रात्री घाम येतो?"

"उकाडा हाय."

"आणि हे एवढं अंग उतरलं, ते पण उकाड्यानं?"

हिराजीने हातातला ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "डाक्टर, तुमच्या पाया परतो. कोनाला बोलू नका. माजा काम गेला त पोरांना काय घालू?"

थुंकी तपासायला डॉक्टरांनी स्वतःच्या खिशात डबी घालून नेली. निकाल व्हायचा तोच झाला. टीबी. ठेकेदाराच्या माणसाला कुठून तरी कुणकुण लागलीच, आणि दुसऱ्या दिवशी हिराजीला गेटवर अडवलं. त्या सकाळी डॉक्टरांचा यायचा दिवस नव्हता, तरी ते आले. स्कूटर गेटबाहेरच आडवी टाकून सरळ रेगेसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. मी तिथे रजेचे कागद घेऊन उभी होते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्यासमोर झालं.

डॉक्टरांचं मागणं साधं होतं. औषधाचा खर्च कंपनीने करावा. पहिले काही आठवडे हिराजीला अर्ध्या पगारावर बसवून ठेवावं, तोवर त्याच्यापासून दुसऱ्याला होणारा धोका जातो. मग हलकं काम द्यावं आणि पूर्ण बरा झाला की त्याचं जुनं काम. आणि हे एकट्या हिराजीसाठी नको, सगळ्यांसाठी नियम म्हणून हवं. ठेक्याच्या माणसांनाही.

"डॉक्टर, हे यार्ड आहे, आरोग्यधाम नाही," रेगेसाहेब म्हणाले. "आजारी माणूस बाहेर गेला की प्रश्न मिटला."

"बाहेर म्हणजे कुठे, साहेब?" डॉक्टर पुस्तकी मराठीत आले होते. "तो उद्या पलीकडच्या यार्डात धूळ आहे म्हणून सांगून लागेल. तिथून रोग ड्रायव्हरला देईल. ड्रायव्हर माल घेऊन आपल्याच गेटवर येईल. आणि औषध नसल्यामुळे तोपर्यंत हिराजी वाचलेला नसेल."

"मला वाईट वाटतं. पण हेड ऑफिसला मी काय सांगू?"

एवढ्यात साहेबांचा शिपाई सावंत चहा घेऊन आला. कप ठेवताना तो तोंड फिरवून खोकला आणि रुमाल तोंडाशी धरून बाहेर गेला.

"हा केव्हापासून खोकतो?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोण, सावंत? त्याला काय, धुळीमुळे..." साहेब बोलता बोलता थांबले.

डॉक्टर त्या कायमच्या बंद केलेल्या खिडकीकडे बघत राहिले. साहेबांनी चहाचा कप हळूच बाजूला सरकवला. त्या दिवशी दुपारी नवीन सर्क्युलर निघालं. टाइप मीच केलं.

सावंतला काही नव्हतं, साधा खोकला होता, नंतर तपासलं तेव्हा कळलं. पण सर्क्युलर निघालं होतं. मी डॉक्टरांना म्हटलं, तुम्ही जिंकलात. तर ते दवाखान्याच्या पायरीवर बसले होते, उठलेसुद्धा नाहीत. "समजावून नाय घेतलं, बाय. भीती घालून घेतलं. भीतीचं काम भीती असेपर्यंतच चालतं." मला त्यांचा कंटाळाच आला. एक दिवस तरी माणसाने खूश व्हावं की नाही!

सर्क्युलरचा मसुदा त्यांनी तोंडी सांगितला होता आणि मी शब्द लावले होते. 'रुग्णास' असं मी लिहिलं होतं तिथे त्यांनी 'कामगारास' करायला लावलं. औषध घेतोय तोवरही तो आपला कामगारच आहे, म्हणाले. कामगार कायम असो वा ठेक्याचा, आजार स्वतःहून सांगेल त्याची नोकरी जाणार नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. जुना नियम फळ्यावरून काढून हा लावला, त्या दिवशी डॉक्टर गेटमधून जाता-येता दोनदा त्याच्यापुढे थांबलेले मी पाहिले.

औषध द्यायची त्यांची रीत मात्र सर्क्युलरमध्ये कुठेच नव्हती. ती त्यांची स्वतःची. गोळ्या कुणाला घरी द्यायच्या नाहीत. एक दिवसाआड सकाळी, शेवंताच्या टपरीवर, त्यांच्या डोळ्यांदेखत घ्यायच्या, आणि त्याही उपाशीपोटी. शेवंताला ताकीद होती: डॉक्टरांनी मान हलवल्याशिवाय चहा द्यायचा नाही. दवाखाना सोडून टपरी का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "इथं चारी बाजूंनी खिडकी हाय." कोणाला टीबी आहे हे उघड होऊ नये म्हणून त्यांनी निरोगी माणसांनाही ताकदीच्या गोळ्या लावल्या होत्या. पावसाळ्यात हिवतापाची माणसं रांगेत वाढायची. सकाळी टपरीवर निम्मं यार्ड गोळ्या गिळत उभं असायचं आणि कोण कशाची गिळतोय हे फक्त डॉक्टरांना ठाऊक असायचं.

पहिले काही आठवडे हिराजीला गेटच्या आत यायला बंदी होती. तो गावातून चालत यायचा, टपरीच्या बाकाच्या शेवटच्या टोकाला, वाऱ्याच्या बाजूला बसायचा, गोळ्या घ्यायचा, चहा प्यायचा आणि परत जायचा. त्याच्या बायकोने येऊन डॉक्टरांना विनवलं, एवढ्या लांब कशाला चालवता, मी घरी देते की गोळ्या. डॉक्टर नाही म्हणाले. "घरची माणसं मायेनं फसतात गो. आज नको म्हणाला तर तू राहू दे म्हणशील. परक्यानंच बघायला पायजे."

आणि तरी फसवणूक झालीच. एक दिवस शेवंताने हिराजीचा रिकामा ग्लास डॉक्टरांपुढे धरला. तळाशी उरलेला चहा लालभडक. टीबीची लाल गोळी त्यात विरघळली होती. ती घेतली की लघवीही लाल होते. डॉक्टर सगळ्यांना ते आधीच सांगायचे. हिराजीलाही सांगितलं होतं, पण स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर तो हबकला होता. आपलं रक्त चाललंय अशी त्याची खात्रीच पटली. विचारायची लाज वाटली. मग तो गोळी गालात धरायचा, पाण्याबरोबर गिळल्यासारखं करायचा आणि चहाच्या शेवटच्या घोटाला ग्लासात सोडायचा. डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून, असं नंतर त्याने सांगितलं. एवढे चांगले डॉक्टर, त्यांच्या तोंडावर नको कसं म्हणायचं?

डॉक्टर त्याच्यावर ओरडले नाहीत. ग्लास हातात घेऊन त्यांनी बराच वेळ त्या लाल गाळाकडे पाहिलं. इतके थकलेले मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं. मग ग्लास ठेवला आणि म्हणाले, "बरं, पुढं. आजपासून गोळी गिळली की आ करायचं. जीभ वर. गाल बाजूला. मी बघणार, मग चहा."

तेव्हापासून टपरीवर 'आ' सुरू झाला. मोठमोठे बाप्ये लहान मुलांसारखी तोंडं वासून डॉक्टरांपुढे उभे राहायचे. यार्डात त्याची थट्टाच झाली. क्रेनवाला वरूनच डॉक्टरांना बघून तोंड उघडायचा. ट्रक ड्रायव्हर नमस्काराऐवजी 'आ' करून जायचे. एकदा तर रेगेसाहेबांनीच डोकेदुखीची गोळी घेऊन त्यांच्यासमोर तोंड उघडलं. डॉक्टर हसायचे, पण जीभ वर उचलून बघितल्याशिवाय सोडायचे नाहीत. रमजानमध्ये स्वतः रोजे धरून ते त्या टपरीवर चहाच्या वाफेत उभे असायचे. शेवंता ओशाळून म्हणायची, "डाक्टर, जरा बाजूला तरी बसा." ते म्हणायचे, "त्यांना पाज. माझं मी बघतो."

हिराजी बरा झाला. आधी वजनकाट्यावर गाड्यांचे नंबर उतरवायचं हलकं काम, मग पुन्हा थप्पीवर. गाणंही सुरू झालं. पण सगळे हिराजी नव्हते. कुणी दोन महिन्यांत बरं वाटलं की औषध सोडून दुसऱ्या बंदराकडे निघून जायचा. मराठवाड्यातला भीमा नावाचा एक हमाल असाच गेला. लग्न होतं घरात. डॉक्टरांनी त्याला बरोबर गोळ्या बांधून दिल्या, शपथा घातल्या. तो परत आला तेव्हा दोघांनी धरून आणला होता. त्याच्यावर मग कुठल्याच औषधाचा उपयोग झाला नाही. तो गेला त्या दिवशी डॉक्टर माझ्या टेबलासमोर येऊन बसले आणि खिडकी उघडायला विसरले. मी उठून उघडली.

"गोळ्या दिल्या, बाय, पण बघणारा नाय दिला," म्हणाले.

अशी काही वर्षं गेली. नवी माणसं येत, तेच प्रश्न, तीच धूळ, तोच 'आ'. डॉक्टरांच्या बुशशर्टाच्या बाह्या हळूहळू दंडाभोवती लोंबायला लागल्या. मी म्हटलं, बारीक झालात. म्हणाले, साखर वाढलीय. मग खोकायला लागले. मी विचारलं, तर तेही म्हणाले, "धूळ हाय."

मी ते ऐकून घेतलं. त्या यार्डात इतकी वर्षं काढूनसुद्धा ऐकून घेतलं, कारण डॉक्टर आजारी पडतील हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

हिराजीने ऐकून घेतलं नाही. एके सकाळी टपरीवर डॉक्टर रांगेतल्यांची तोंडं बघत होते आणि मध्येच पाठ फिरवून खोकले. हिराजी त्यांच्या शेजारी येऊन बसला. सगळ्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "डाक्टर, धूल नाय ती."

डॉक्टर म्हणाले, "उकाडा पण हाय."

"तुमी रातचा कुठं झोपता? दार उघरा असतंय का?"

शेवंता सांगते की डॉक्टर यावर हसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी ते तपासून घ्यायला गेले.

निकाल हातात आल्यावर ते आधी माझ्याकडे आले. दारातच उभे राहिले, तोंडावर रुमाल. मी खिडकी उघडली. रेगेसाहेबांची तोवर बदली झाली होती आणि आमच्या खात्याला मुंबईहून सबनीस नावाचे नवे मॅनेजर आले होते. मी म्हटलं, डॉक्टर, सबनीसांना सांगू नका. रजा घ्या. साखरेचं कारण लिहू, मी लिहिते. महिन्याभराने या. कुणाला कळणार नाही.

"मीच फळ्यावर लावलंय की सांगणाऱ्याची नोकरी जाणार नाय," डॉक्टर म्हणाले. "मीच नाय सांगितलं तर उद्या दुसरा कुणी कशाला सांगेल?"

आणि त्यांनी सांगितलं. सबनीस अतिशय सभ्य माणूस होते. त्यांनी डॉक्टरांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं, तब्येतीची काळजी घ्या म्हणाले. मग सर्क्युलर मागवून घेतलं, नीट वाचलं आणि सांगितलं की यात कामगार म्हटलंय, कायम किंवा ठेक्याचा. डॉक्टर दोन्हीतही बसत नाहीत. ते भेटीला येणारे. तेव्हा हा नियम त्यांना लागू होत नाही, आणि संसर्ग असलेल्या डॉक्टरला कंपनी ठेवू शकत नाही. दुसरी व्यवस्था होईल. सेवेबद्दल कंपनी आभारी आहे.

'कामगार' हा शब्द डॉक्टरांनीच मुद्दाम करून घेतला होता. त्यात आपण बसतो का, हे टाइप करताना माझ्या ध्यानात आलं नव्हतं, सांगताना त्यांच्याही आलं नव्हतं. मी सबनीसांना म्हटलं, सर, बरे होईपर्यंत नको, पण नंतर तरी? एवढं तरी लिहून द्या. ते म्हणाले, "साळुंखे मॅडम, भावना समजतात मला." मला ते वाक्य आजही ऐकवत नाही. मी आयुष्यात साहेबांशी उंच आवाजात एकदाच बोलले ते त्या दिवशी, आणि त्याने काहीही झालं नाही.

डॉक्टर बाहेर पायरीवर थांबले होते. मी काय सांगणार हे त्यांना माझ्या तोंडावरूनच कळलं.

"पहिले काही आठवडे बरोबर हाय त्यांचं," म्हणाले. "मी पण नसता ठेवला. पण नंतर..." तिथे ते थांबले. त्यांच्या तोंडून 'बरं, पुढं' येईल म्हणून मी वाट पाहिली. आलं नाही. स्कूटर दोनदा सुरू होऊन बंद पडली, तिसऱ्यांदा लागली.

संध्याकाळचा दवाखाना त्यांनी स्वतःच बंद ठेवला. आमच्याकडे नवीन डॉक्टर आले, तरुण, व्यवस्थित. त्यांना धूळ सोसत नसे. दवाखान्याला एसी बसला आणि त्यासाठी वेल्डरने कापलेल्या खिडक्यांवर पत्रे मारले. गोळ्या महिन्याच्या एकदम घरी मिळायला लागल्या. लोकांनाही ते सोयीचं वाटलं.

मीही त्या यार्डाला कंटाळले होते. बेलापूरच्या ऑफिसात जागा निघाली ती मी मागून घेतली. यार्डातल्या माझ्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी बस गेटवर थांबली आणि खिडकीतून मला टपरीजवळ ती ओळखीची स्कूटर दिसली. मी खाली उतरून तिथेच उभी राहिले. डॉक्टर बाकाच्या शेवटच्या टोकाला, वाऱ्याच्या बाजूला बसले होते. घरी बायको होती, दोन मुली होत्या, स्वतः डॉक्टर होते, तरी उरणहून आले होते. शेवंता मला हळूच म्हणाली, "एक दिसाआड येतात. हिरादादा बघतंय."

हिराजी त्यांच्यासमोर उभा होता, पाठीवरची गोणपाटाची खोळ तशीच, एका हातात चहाचा भरलेला ग्लास. ग्लास त्याने डॉक्टरांपासून लांब धरला होता. डॉक्टरांनी तळहातावरच्या गोळ्या तोंडात टाकल्या, पाणी प्यायले, चहासाठी हात पुढे केला. हिराजीने ग्लास दिला नाही.

"आ करा," तो म्हणाला.

डॉक्टरांनी तोंड उघडलं. हिराजी वाकला. थट्टा नव्हती, हसू नव्हतं. आत गेटमधून मुकादम त्याच्या नावाने हाका मारत होता.

"जा, तुझी गाडी लागली," डॉक्टर म्हणाले. "गिळल्या मी."

"लागू द्या गाडी," हिराजी म्हणाला. "जीभ वर नाय केली तुमी."

डॉक्टरांचं लक्ष तेवढ्यात माझ्याकडे गेलं. त्यांनी ओळखीची मान हलवली, हिराजीकडे वळून "बरं, पुढं" म्हणाले, आणि तोंड पुन्हा उघडलं.